हळदकुंकू लावलेला सेन्सर

मातोरीच्या शिवारात रंगनाथमामाची नर्सरी. हिरव्या शेडनेटखाली ट्रेच्या रांगाच रांगा. टोमॅटो, कोबी, मिरची, ज्याला जे पाहिजे त्याचं रोप. एवढ्या तोंडांना पाणी पाजायचं काम एका मशीनकडं होतं, आणि ते मशीन होतं निकिताच्या ताब्यात.

निकिता मामाच्या बहिणीची लेक, मनमाडची. अकरावीत मॅडमशी वाजलं, वही टेबलावर आपटून बाहेर पडली ती परत कॉलेजची पायरी चढली नाही. वडील रेल्वेत, शिस्तीचे. घरात रोज भांड्याला भांडं लागायला लागलं तेव्हा आईनं पोरगी भावाकडं आणून सोडली. डोकं तापट, पण नजर घारीची. मशीन बसवायला आलेला महेश नावाचा इंजिनिअर मामाला समजावून समजावून दमला, मामा नुसता मान डोलवत होता. हिनं बाजूला उभं राहून एकदा बघितलं आणि सगळी बटणं पाठ. तेव्हापासून मशीनच्या खोलीची किल्ली हिच्या ओढणीच्या गाठीला.

आता बहिणीची लेक म्हणजे मामाच्या घरात देवच. तिनं मामाच्या पाया पडायचं नसतं, उलट मामानंच तिच्या पाया पडायचं. तिच्याकडनं उष्टं काढून घ्यायचं नाही, तिच्या डोळ्यांत पाणी आणायचं नाही. रंगनाथमामा ही रीत डोळ्यांत तेल घालून पाळायचा. निकिता कुणाला तोडून बोलली तरी म्हणायचा, भाची हे, बोलू द्या. आणि मामाची भाची ती अख्ख्या गावाची भाची, त्यामुळं मातोरीतही तिला 'का गं' म्हणून विचारणारं कुणी नव्हतं.

मशीनचं काम तसं सोपं. बोअरचं पाणी जड; त्यात कितीही खत कालवा, मुळी ते उचलत नाही. म्हणून पाण्यात जरा जरा ॲसिड सोडायचं. किती सोडायचं ते ठरवायला पीएचचा सेन्सर. लांब वायरच्या टोकाला पेनाएवढी नळी आणि नळीच्या टोकाला हरभऱ्याएवढा काचेचा फुगा. तो पाण्यात बुडाला की स्क्रीनवर आकडा येतो. बोअरचं पाणी आठच्या वर. पंप टकटक करत ॲसिड ओढतो, आकडा सहावर आला की गप होतो. त्याच्या फार खाली गेलं की पाणी आंबट, आणि आंबट पाण्यानं मुळी जळते.

पण सेन्सर माणसासारखाच, हळूहळू भरकटतो. म्हणून अधूनमधून त्याची परीक्षा घ्यायची. महेशनं दोन बाटल्या दिल्या होत्या, एकीत सातचं पाणी, दुसरीत चारचं. सातमध्ये बुडवून सात कबूल करून घ्यायचं, चारमध्ये बुडवून चार. याला तो कॅलिब्रेशन म्हणायचा, ट्रे भरणाऱ्या बायका म्हणायच्या मशीनची शाळा. आणि जाताजाता त्यानं एकच गोष्ट बजावली होती. काचेचा फुगा कोरडा पडू द्यायचा नाही आणि घासायचा तर अजिबात नाही. बाहेर काढला की टोपीत त्याच्यासोबत आलेलं खारं पाणी घालून टोपी लावायची. मासा समज त्याला, म्हणाला होता.

निकिताला हे पाठ होतं. पुढं जे झालं त्यात तिला सगळ्यात जास्त टोचलं ते हेच, की तिला पाठ होतं.

खंडेनवमीला घरातलं सगळं लोखंड पाटावर बसलं. कोयते, खुरपी, फवारणीचा पंप, मामाचा पान्ह्यांचा डबा. ट्रॅक्टरला झेंडूचा हार. मामी नवसाबाई म्हणाली की मशीनच्या डब्यालाही बोट लावून ये हळदीकुंकवाचं. निकिता खोलीत गेली, आणि डब्याला बोट लावता लावता तिच्या डोक्यात आलं की डबा काय, खरं काम तर सेन्सर करतो. काढला त्याला. फुग्यावर पांढरं किटण बसलं होतं, तसा पाटावर कसा ठेवायचा? लिंबाची फोड आणि भांडी घासायची पावडर घेऊन तिनं तो असा लखलखीत केला की बघत राहावं. वर हळदीचं बोट, कुंकवाचं बोट, भोवती झेंडूचा हार. कोयत्यांच्या मधोमध सेन्सर. फोटो काढून स्टेटसला टाकला. मनमाडच्या मैत्रिणींचे बदाम आले. सेन्सर रात्रभर तसाच पाटावर राहिला. पूजेतली वस्तू रातोरात उचलत नाहीत.

दसऱ्याच्या सकाळी तिनं तो ओढणीनं पुसला आणि शाळेला बसवला. सातमध्ये बुडवला, जरा रेंगाळून सात आलं. चारमध्ये बुडवला तर आकडा सहाच्या आसपास लोंबकळत राहिला. परत बुडवला. परत तेच. मशीन एरर दाखवायला लागलं. बाहेर गेटवर शुभांगी गाडीचा हॉर्न दाबून बसली होती. शेजारची पोरगी, दोघींचं कालिकेच्या यात्रेला जायचं ठरलेलं. निकिताला कळत होतं की याला खाऱ्या पाण्यात ठेवून दम खाऊ द्यायला पाहिजे. तेवढ्यात मशीननं विचारलं, एकाच बाटलीवर सेव्ह करू का. तिनं हो दाबलं आणि गेली.

दुपारी आली ती हातभर बांगड्या घालून. खोलीत पंप टकटक टकटक, थांबायचं नाव नाही. आकडा साडेसहाच्या खाली उतरेना. बाहेर ॲसिडच्या ड्रमापाशी वाल्मीक उभा होता.

वाल्मीक पेठ तालुक्यातला. बायको कुसाबाई आणि लेक भाग्यश्री यांना घेऊन नर्सरीच्या मागच्या खोलीत राहायचा. ॲसिड पाण्यात मिसळून ड्रम भरायचं काम त्याचं. वयानं निकिताच्या वडिलांएवढा, पण तो हिला ताई म्हणायचा आणि ही त्याला अरे-तुरे करायची. तिथं तशीच पद्धत.

निकिताचं डोकं फिरलं. सेन्सरचा विचार मनात आला होता, नाही असं नाही, पण तो आला तसा तिनं दाराबाहेर लोटला. ट्रे भरणाऱ्या बायका ऐकत होत्या, त्यांच्यासमोरच ती वाल्मीकवर घसरली.

"ॲसिडमध्ये पाणी किती घातलंस रे? पेठला दूध पण असंच विकत होता का?"

बायका हसल्या. वाल्मीकही कसनुसा हसला. म्हणाला, माप रोजचंच हाय ताई.

"मग माप डबल कर. आकडा सहावर आला पाहिजे, बाकी मला सांगू नको."

त्यानं माप डबल केलं. थोड्या वेळानं स्क्रीनवर सहा आलं आणि पंप गप झाला. निकितानं खोलीच्या दारातनं वाल्मीककडं बघून भुवई उडवली. बघितलं?

त्यानंतरच्या आठवड्यात टोमॅटोच्या पानांच्या कडा करपल्या. मामाला वाटलं उन्हाचा चटका. मग एका सकाळी हिरामण आला. गावातलाच, ओढ्यापलीकडं त्याचं रान. दसरा झाल्यावर त्यानं इथनंच रोपं उचलली होती. त्यानं एक वाळकं रोप ओट्यावर टाकलं. मुळी पांढरी असायला पाहिजे, ती चहाच्या चोथ्यासारखी तपकिरी. बेड पाडून, प्लास्टिकचा कागद अंथरून, भोकं मारून तयार ठेवलेलं रान, आणि त्यात सगळ्या रोपांनी माना टाकल्या. हिरामण मोठ्यानं बोलणारा माणूस, पण त्या दिवशी हळू बोलला, ते जास्त वाईट होतं.

मामानं सगळ्यांना गोळा केलं. मशीन बघितलं, स्क्रीनवर सहा. आकडा तर बरोबर हे, मामा म्हणाला, आणि आकडा काही खोटं बोलत नाही. मग ॲसिडचा ड्रम बघितला, वास घेतला आणि मागं सरला.

वाल्मीक आपणहून पुढं आला. माप मीच डबल केलं, म्हणाला.

मामानं विचारलं, कुणी सांगितलं होतं?

वाल्मीकची नजर निकिताकडं आली. पापणी लवते तेवढाच वेळ. मग ती खाली गेली, स्वतःच्या फाटक्या बुटांवर. पंप थांबत नव्हता, म्हणाला, मला वाटलं ॲसिड मेलं. माझंच चुकलं मालक. हात जड पडला असंल.

निकिता तिथंच उभी होती, ओढणीच्या गाठीशी चाळा करत. एक वाक्य बोलायचं होतं. मी सांगितलं होतं. एवढंच. पण हिरामण बघत होता, बायका बघत होत्या, ज्या त्या दिवशी हसल्या होत्या त्याच. तिनं मनाशी म्हटलं, आपण डबल सांगितलं होतं, यानं तिप्पट घातलं असेल. काय सांगावं. हा विचार तिनं मांजराच्या पिल्लासारखा उराशी धरला, कारण तेवढाच एक होता.

मामानं वाल्मीकचं ॲसिडचं काम काढून घेतलं. हिरामणला दुसऱ्या नर्सरीतली नवीन रोपं कबूल केली आणि नांग्या भरायला, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी नवीन लावायला, वाल्मीकलाच धाडलं. तो दिवसभर हिरामणच्या रानात वाकून होता. संध्याकाळी कुसाबाई मोटारीवर पाणी भरताना दुसऱ्या बाईला सांगत होती ते निकितानं ऐकलं. वाल्मीकनं चार माणसांत हिरामणच्या पाया पडून माफी मागितली होती. हिरामण त्याच्याहून लहान. त्यानं पाय मागं घेतले नाहीत. रात्री वाल्मीक जेवला नाही, म्हणाला या हाताला वास येतो.

निकितालाही त्या दिवशी भाकरी उतरली नाही. मामीनं विचारलं तर म्हणाली पोट दुखतंय.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा तिनं खोलीचं दार लोटून महेशला फोन लावला. सेन्सर चारमध्ये चार दाखवत नाही, म्हणाली. महेशनं पहिलाच प्रश्न विचारला, कोरडा ठेवला होता का?

"नाही," निकिता म्हणाली. आणि मग त्याच दमात विचारलं, "ठेवला तर काय होतं?"

महेश म्हणाला, काच मुकी होते. कशातही घाल, सातच्या आसपासच बोलते. खाऱ्या पाण्यात भिजत ठेव, नशीब असेल तर वाचा फुटेल, मग दोन्ही बाटल्यांवर शाळा घे.

तिनं तसं केलं. दिवस मावळायच्या आत सेन्सरनं सातला सात आणि चारला चार म्हटलं. मग तिनं तो रोपांना द्यायच्या टाकीतल्या जुन्या पाण्यात सोडला. आकडा खाली चालला. पाच. चार. तिथंही थांबला नाही, तीनच्या घरात जाऊन बसला. इतके दिवस ती रोपांना लोणच्याचं पाणी पाजत होती. दोष मापाचा नव्हताच, मुक्या सेन्सरचा होता; वाल्मीकनं तिप्पट घातलं नव्हतं. त्यानं सांगितलं तेवढंच केलं होतं.

मांजराचं पिल्लू गेलं.

तिनं टाकी ओढ्याच्या बाजूला रिकामी केली, ड्रममध्ये रोजच्या मापाचं ॲसिड भरलं, आणि कुणालाही काही सांगितलं नाही. मनाशी म्हणाली, आता सगळं सुरळीत होईल आणि लोक विसरतील. चूक दुरुस्त केली की मिटते असं तिला खरंच वाटलं होतं.

पण झालं उलटंच. पाणी सुधारलं तशी नवीन ट्रेमधली रोपं तरारून आली. मुळी पांढरीशुभ्र, कापसासारखी. मामा खूश. गिऱ्हाईक आलं की ट्रे उचलून दाखवायचा आणि म्हणायचा, हात बदलला, रोप बदललं. वाल्मीक ट्रेत भरायच्या कोकोपीटची गोणी खांद्यावर घेऊन बाजूनं जात असायचा. एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं. नंतर नंतर तो शेडच्या मागनं लांबच्या वाटेनं जायला लागला.

निकितानं जे निस्तरलं होतं तेच त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला उभं राहिलं होतं. जितकी रोपं हिरवी, तितका वाल्मीक दोषी.

ती चिडायला लागली. बायकांवर, मामीवर, शुभांगीवर. शुभांगीनं यात्रेतले फोटो पाठवले तर तिला ब्लॉक केलं. एका बाईनं वाल्मीकवरनं काही टोमणा मारला तेव्हा निकितानं ट्रे आपटला आणि म्हणाली, तोंड चालवायला मजुरी मिळत नाही इथं. बाई बघतच राहिली. तूच तर चालू केलं होतंस, असं ती बोलली नाही, पण तिच्या तोंडावर ते लिहिलेलं होतं.

मग भाग्यश्री आली. चौथीतली पोरगी, शाळेतनं आली की मशीनच्या खोलीत घुटमळायची, स्क्रीनवरचे आकडे मोठ्यानं वाचायची. त्या दिवशी आत आली नाही. दारातच उभी राहून म्हणाली की उद्या आम्ही पेठला चाललो, शाळेचा दाखला नंतर काढणार.

निकितानं विचारलं, का?

"बाबाच्या हातात विष हाय," पोरगी म्हणाली. जसं कुणी सांगावं की बाबाला ताप हाय. "तो मला जेवायला पण वाढत नाय. म्हणतो, आईच्या हातानं खा."

निकिता सरळ घरात गेली. मामा चहा बशीत ओतत होता. तिनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. पावडर, हळदकुंकू, कोरडा सेन्सर, एक बाटली, डबल माप. मामानं सगळं ऐकून घेतलं, बशी खाली ठेवली, आणि त्याचे डोळे भरून आले.

मामीला म्हणाला, बघ, बहिणीचं रक्त. दुसऱ्याचा दोष अंगावर घ्यायला निघाली पोरगी. त्याची पोर रडली असेल हिच्यापाशी.

निकिता म्हणत राहिली, खरं आहे मामा, मीच. मामा मान डोलवत राहिला, महेशसमोर डोलवायचा तशीच. आकडा सहा होता की, मी माझ्या डोळ्यांनी बघितला, म्हणाला. जा, हातपाय धू. तुझं मन मोठं आहे, पण नर्सरी मनावर चालत नाही.

आयुष्यभर तिला वाटायचं की लोक आपल्यावर उगाच ओरडतात. मॅडम ओरडल्या, वडील ओरडले. आज ती ओरडून घ्यायला आली होती आणि कुणी ओरडेना.

संध्याकाळी तिनं सेन्सर परत काढला. लिंबू, पावडर, सगळं तसंच. आता कुठं बोलायला लागलेला फुगा तिनं परत घासला. हळदीचं बोट, कुंकवाचं बोट. देवघरासमोर पाट मांडून त्यावर ठेवला. मामीनं विचारलं, आज काय गं? तर म्हणाली, राहू दे सकाळपर्यंत, सकाळी सांगते.

सकाळी तिनं सगळ्यांना मशीनच्या दारात बोलावलं. मामा, मामी, ट्रेवाल्या बायका. वाल्मीकला बोलवायला स्वतः गेली. त्याच्या खोलीला कुलूप होतं. कुसाबाई पोरीला आणि गाठोडं घेऊन पेठ रोडच्या फाट्याकडं निघून गेली होती. वाल्मीक मामाला खोलीची चावी द्यायला म्हणून मागं राहिला होता, अंगणात उभा होता.

निकितानं सेन्सर सातच्या पाण्यात घातला. सात. मग तिनं मामीकडनं आणलेली लिंबं एका पेल्यात पिळली, नुसता रस, पाण्याचा थेंब नाही, आणि सेन्सर त्यात बुडवला. मामाला म्हणाली, वाचा.

मामानं डोळे बारीक केले. सहा आणि काहीतरी. परत वाचलं. आकडा हलेना.

"आता चाखा."

मामानं रसात बोट बुडवून जिभेला लावलं आणि त्याचं तोंड वाकडं झालं. एक बाई हसली आणि लगेच गप झाली. मामी पुढं आली, तिनंही बोट बुडवलं. जीभ म्हणत होती आंबट, मशीन म्हणत होतं साधं पाणी. कुणालाच काही समजावून सांगायची गरज राहिली नाही. मामीनं पेल्याकडं बघितलं, मग सेन्सरवरच्या पिवळ्या डागाकडं, आणि पदर तोंडाला लावला.

मामानं सेन्सर हातात घेतला, उलटसुलट केला आणि म्हणाला, कंपनीनं सांगायला पाहिजे होतं असं असतं म्हणून.

"सांगितलं होतं," निकिता म्हणाली. "मला सांगितलं होतं. मामा, रागवा ना मला."

मामानं तिच्याकडं बघितलं. काहीतरी त्याच्या ओठांपर्यंत आलं, दिसलं तिला. पण त्यानं ते गिळलं. झालं ते झालं, म्हणाला. नवीन सेन्सर मागवू. मग वाल्मीककडं वळून, त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला की वाल्मीक, तू कुठं जाऊ नको, चावी ठेव तुझ्यापाशीच.

वाल्मीकनं चावी खिशात घातली नाही. मुठीत धरून उभा राहिला. तो पेल्यातल्या लिंबाच्या रसाकडं बघत होता. मग स्वतःचा उजवा हात त्यानं उघडला, उलटा केला, सुलटा केला, जसा काही कुणी परत आणून दिला होता.

"ताई," तो म्हणाला, "मी हिरामणभाऊच्या पाया पडलो. चार माणसांत. ते पाया पडनं आता माघारी कसं घ्यायचं?"

आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होता. निकितानं मामाची स्कूटर काढली आणि म्हणाली, बसा. पहिल्यांदा तिच्या तोंडातनं त्याला 'बसा' निघालं. दोघांनाही ते ऐकू आलं, आणि दोघांनीही तसं दाखवलं नाही.

ओढ्यापलीकडं हिरामण बांधावर तंबाखू मळत बसला होता. समोरच्या बेडवर नवीन रोपं उभी होती, वाल्मीकनं एकेक करून लावलेली, एका ओळीत, दोरी धरल्यासारखी. निकितानं गाडी लावली आणि बांधावर उभी राहून सगळं सांगितलं. मामाला सांगताना घाई झाली होती, इथं तिनं काहीच गाळलं नाही. दूध विकण्याचा टोमणा सुद्धा. महेशला 'नाही' म्हणाली ते सुद्धा.

हिरामणची ऐकता ऐकता तंबाखू तोंडात टाकायची राहून गेली. लिंबात सहा, तो स्वतःशीच पुटपुटला. मग वाल्मीककडं बघून म्हणाला, माझी रोपं गेली ती गेली. पण मी या माणसाला माणसांसमोर काय काय बोललो. आणि हा वाकला तर मी पाय पण नाही हलवले. त्यानं तंबाखू बांधावर झटकून टाकली.

निकिता पुढं झाली आणि वाकली. हिरामण विंचू दिसावा तसा उडी मारून मागं सरला.

"अगं अगं, भाची ना तू," तो म्हणाला. "रंगूभाऊची भाची ती आमची भाची. पाप लावती का मला?"

ती अर्धवट वाकलेली तशीच राहिली. या गावात तिचा दोष ठेवायला जागाच नव्हती. मामाच्या पायाशी नाही, हिरामणच्या पायाशी नाही. सगळीकडं ती भाची होती. रागावून घ्यायचीही तिला मनाई, पाया पडायचीही मनाई. ही रीत तिला लहानपणापासून किती आवडायची.

वाल्मीक पलीकडं पाण्याच्या पाटापाशी उभा होता. तो या गावचा नव्हता. त्याची ती कुणीच लागत नव्हती.

निकिता वळली, त्याच्यासमोर गेली आणि वाकली. फाटक्या बुटांवर चिखल होता, त्यावर तिनं दोन्ही हात ठेवले. वाल्मीक बावरला, ते तिला त्याच्या पायांच्या हालचालीवरनं कळलं. टाच उचलली गेली. ती मागं जाईल असं तिला वाटलं.

टाच परत खाली टेकली. वाल्मीक मागं सरकला नाही.

किती वेळ ती तशी होती कोण जाणे. वर बघायची तिची हिंमत नव्हती. त्यानं डोक्यावर हात ठेवला नाही, आशीर्वाद दिला नाही, माफ केलं असंही म्हणाला नाही. नुसता उभा राहिला, जसा माणूस आपलं घेणं घेताना उभा राहतो.

"उठा आता, ताई," शेवटी तो म्हणाला. "कुसा फाट्यावर हाय. एसटी आली तर ती माझ्यासाठी थांबायची नाय. लय रागीट हाय, तुमच्यापेक्षा."

निकिता उठली. हात तसेच चिखलाचे, पुसले नाहीत. तिनं गाडी फिरवली, तो मागं बसला, आणि पेठ रोडच्या दिशेनं तिनं ती जितकी पळेल तितकी पळवली.